गाडी रस्त्यात बंद पडली तर: अनोळखी माणसांची मदत कशी घ्यावी

नव्याने बाईक चालवू लागलेल्या माणसाला एक भीती कायम असते: आडरस्त्यावर गाडी बंद पडली तर? गाडीतलं फारसं कळत नाही, गॅरेज जवळ नाही, आणि भर्रकन जाणाऱ्या वाहनांना हात करायचा तरी कसा, हे कुणी शिकवलेलं नसतं. गाडीतलं हळूहळू कळत जातं. मदत मागणं मात्र पहिल्या दिवसापासून यायला हवं.

थांबणाऱ्या माणसाकडे तुमच्यासाठी पाच-दहा मिनिटं असतात आणि त्याच्या डिकीत जे असेल तेवढंच सामान असतं. तेवढ्यात काम व्हायचं असेल, तर आपल्याला नेमकं काय हवं हे तो थांबण्याआधीच आपल्याला ठाऊक असलं पाहिजे. पुढचा सगळा क्रम मी त्यासाठीच लावला आहे.

१. आधी बाजूला व्हा, पण कुठेही नको

इंजिन आचके द्यायला लागलं किंवा गप्प झालं की क्लच दाबा, इंडिकेटर द्या आणि वेग शिल्लक आहे तोवर गाडी कडेला घ्या. त्या उरलेल्या वेगात शे-दोनशे मीटर सहज मिळतात. ते वाया घालवू नका. वळणावर, चढाच्या माथ्यावर आणि अरुंद पुलावर शक्यतो थांबू नका. मागून येणाऱ्याला लांबून दिसाल आणि त्याला स्वतःचं वाहन सुखरूप उभं करता येईल, अशी जागा निवडा. या दुसऱ्या अटीचा विचार फार थोडे लोक करतात. मदत करायची इच्छा असूनही थांबायला जागा नाही म्हणून पुढे निघून जाणारे पुष्कळ असतात.

गाडी आणि रहदारी यांच्या मध्ये उभे राहू नका. चाकापाशी वाकून काही बघायचं असेल तर रस्त्याच्या बाहेरच्या अंगाने बघा. कठडा असेल तर त्याच्या पलीकडे थांबा. चारही इंडिकेटर एकदम लागत असतील तर लावा. बॅटरीचाच संशय असेल तर मात्र त्यांचा वापर जपून. रात्री टॉर्चचा झोत येणाऱ्यांच्या डोळ्यांवर मारू नका. तो गाडीच्या मागच्या रिफ्लेक्टरवर किंवा स्वतःच्या पायांजवळ जमिनीवर ठेवा.

२. पाच मिनिटं स्वतः बघा

ही तपासणी दुरुस्तीसाठी नाही, काय मागायचं ते ठरवण्यासाठी आहे.

सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून. किल स्विच, म्हणजे हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच, चुकून बंद झालाय का? साइड स्टँड खाली आहे का? बऱ्याच गाड्या स्टँड खाली असताना गियर टाकला की बंद होतात. गाडी न्यूट्रलला आहे का, आणि सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबलाय का? मग पेट्रोल. काट्यावर विश्वास ठेवू नका, टाकीचं झाकण उघडून गाडी हलवा आणि आत खळखळ ऐकू येते का बघा. टाकीखाली कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, असलेली गाडी असेल तर तो रिझर्व्हला करा.

झाकण उघडताना आत हवा ओढली गेल्यासारखा फुस्स आवाज आला, तर लक्ष द्या. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं. ते धुळीने बुजलं की पेट्रोल उतरलं तरी त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत पोकळी धरते आणि इंजिनला पेट्रोल मिळेनासं होतं. अशी गाडी थोडं चालते, बंद पडते, जरा थांबलं की पुन्हा चालते आणि पुन्हा बंद पडते. झाकण उघडून लावल्यावर ती सुरू झाली, तर तुम्हाला कुणाची गरज नाही. मधूनमधून थांबून झाकण उघडत गॅरेजपर्यंत पोचता येईल.

आता चावी लावून हॉर्न आणि हेडलाइट बघा. दोन्ही अगदीच मेलेले असतील तर बहुधा मेन फ्यूज उडालाय किंवा बॅटरीचं टर्मिनल सुटलंय. हॉर्न घोगरा वाजतोय, दिवा मिणमिणतोय आणि सेल्फ मारला की नुसती टिकटिक येते, तर बॅटरी उतरली आहे. हॉर्न खणखणीत आहे, सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही, तर प्रश्न पेट्रोलचा किंवा प्लगचा, म्हणजे पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीचा आहे. प्लगची टोपी नीट बसली आहे का ते हाताने दाबून बघा. पावसात किंवा गाडी धुतल्यानंतर तिथे पाणी शिरतं. ती काढून कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा लावण्यानेही बऱ्याच गाड्या चालू होतात. हे इंजिन थोडं निवल्यावर करा, सिलिंडरजवळ हात भाजतो.

टर्मिनल सैल निघालं तर त्यासाठी साधा स्क्रूड्रायव्हर पुरतो. अधिक टोकाचा स्क्रू आवळताना स्क्रूड्रायव्हर चॅसीला टेकू देऊ नका, ठिणग्या उडतात. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा लावा, तो बहुधा त्याच डबीत जादा ठेवलेला असतो. तार किंवा चांदी कागद गुंडाळून काम भागवू, असं कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी ऐकू नका. फ्यूज उडतो तो पुढची वायरिंग जळू नये म्हणून. त्या जागी तार घातली की जळायची पाळी वायरिंगची येते.

पाच मिनिटांनंतर तुमच्याकडे एक वाक्य तयार असलं पाहिजे: ‘बॅटरी उतरली आहे, धक्का हवाय’, ‘पेट्रोल संपलंय’, ‘मागचं चाक पंक्चर आहे, पंप हवाय’. काहीच कळलं नाही तर ‘गाडी पुढच्या गावापर्यंत न्यायची आहे’ हेही चालेल. तीही नेमकी मागणीच आहे.

३. फोन, चार्जिंग आहे तोवर

रस्त्याकडे वळण्याआधी घरच्या किंवा ओळखीच्या एका माणसाला ठिकाण कळवा. मॅपवरची जागा पाठवा, शिवाय शेवटचं गाव, शेवटचा मैलाचा दगड आणि कुठल्या दिशेने जात होतात हे शब्दांत लिहा. इंटरनेट नसेल तर साधा एसएमएस करा, नेटवर्कचा एक दांडा असला तरी तो बरेचदा जातो. अपघात किंवा जिवाचा धोका असेल, तर मोबाईलवर ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावता येतो. आपल्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी तिथे दुसऱ्या कंपनीचं असेल, तर तो त्यावरून लागतो. त्यानंतर स्क्रीनचा उजेड कमी करा आणि फोन खिशात ठेवा.

४. कुणाला थांबवायचं, काय बोलायचं

इथे पुष्कळांचा धीर सुटतो, कारण वाहनांमागून वाहनं जातात आणि कुणी ढुंकूनही बघत नाही. जेम्स ब्रायन आणि मेरी ॲन टेस्ट या दोन संशोधकांनी १९६७ साली अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. पंक्चर झालेल्या मोटारीशेजारी एक तरुणी उभी केली आणि किती वाहनं थांबतात ते मोजलं. चार हजार वाहनांपैकी थांबली ९३. निम्म्या वाहनांना त्याआधी थोड्या अंतरावर एक माणूस दुसऱ्या एका बाईला चाक बदलायला मदत करताना दिसेल, अशी व्यवस्था केली होती. त्या दोन हजारांतली ५८ थांबली, बाकीच्या दोन हजारांतली ३५.

यातून दोन गोष्टी घ्या. बहुतेक वाहनं थांबणारच नाहीत, हे आधीच मनाशी धरून ठेवा, म्हणजे दहावी गाडी न थांबता गेली की खचायला होत नाही. आणि मदत होताना दिसली की मदत वाढते. एक माणूस थांबला की दुसरा थांबणं सोपं होतं. म्हणून पहिल्या माणसाकडून काम झालं नाही, तरी तो निघण्याआधी त्याला म्हणा, ‘दोन मिनिटं थांबता का, अजून कुणाला विचारून बघतो.’ दोघं उभे असले की तिसरा ब्रेक लावतो.

थांबण्याचा आणखी एक संबंध घाईशी आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ साली धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसवला होता. ज्यांना सवड होती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, ज्यांना उशीर झाल्याचं सांगितलं होतं त्यांच्यातले १० टक्के. म्हणजे जो पुढे गेला तो निर्दयी होताच असं नाही. ज्यांचा वेग आधीच कमी आहे अशांना गाठा. गाडी ढकलता येत असेल तर शंभर पावलं पुढच्या गतिरोधकापर्यंत, चौकापर्यंत, बस थांब्यापर्यंत किंवा वाहनं विसाव्याला थांबतात तिथपर्यंत न्या. भरधाव जाणाऱ्या शंभर मोटारींपेक्षा रमतगमत येणारा एक सायकलवाला जास्त उपयोगी पडतो, त्यातून तो जवळपासचा असेल तर गॅरेजवाल्याला नावानिशी ओळखत असतो.

आता विचारण्याची रीत. हेल्मेट काढून हातात घ्या, चेहरा दिसला पाहिजे. काही देशांत बाईकस्वार अडचणीत असले की हेल्मेट गाडीजवळ जमिनीवर ठेवतात आणि ती खूण दुसरे बाईकस्वार ओळखतात. पण मोटार आणि ट्रक चालवणाऱ्यांना ती ठाऊक असेलच असं नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर बसू नका. गाडीपासून दोन पावलं पुढे, पण रस्त्यात न उतरता उभे राहा, येणाऱ्याच्या नजरेत बघा आणि तळहात खाली करून सावकाश हलवा. दोन्ही हात जोरजोरात हलवले की अपघात झाला असं वाटतं. काही लोक घाबरून निघून जातात, थांबणाऱ्याचाही थांबल्यावर विरस होतो.

चार-पाच माणसं जमलेली असतील तर ‘कुणी मदत करा’ असं सगळ्यांना मिळून म्हणू नका. प्रत्येकाला वाटतं, दुसरा करेल. याच डार्लींनी बिब लाटाने यांच्याबरोबर १९६८ साली हे दाखवून दिलं होतं: बघणारे जितके जास्त, तितकी प्रत्येकाची पुढे येण्याची शक्यता कमी. एकाकडे वळा. ‘दादा, तुम्ही निळ्या शर्टातले, मागून जरा धक्का देता का? बॅटरी उतरली आहे, दोन मिनिटांचं काम आहे.’ कोणी, काय, किती वेळ, हे सगळं यात आलं. हो म्हणणं सोपं होतं आणि नाही म्हणणंही. नाही म्हटलं तर ‘हरकत नाही, पुढे गॅरेज कुठे आहे सांगाल?’ असं विचारा. धक्का द्यायला वेळ नसलेला माणूस पत्ता आनंदाने सांगतो, आणि गॅरेज लागल्यावर तिथे निरोप देईन असंही बरेचदा आपणहून म्हणतो.

५. मदत मिळाली, आता काम

*धक्का.* उतार असेल तर त्याचा फायदा घ्या. चावी चालू, किल स्विच चालू, गियर दुसरा, क्लच पूर्ण दाबलेला. पहिला गियर नको, त्यात मागचं चाक अडकून घसरतं. ढकलणाऱ्याला मागची कडी धरायला सांगा. मडगार्ड, इंडिकेटर किंवा तुमची पाठ नको. सुरू करण्याआधी ठरवून घ्या: ‘मी सोडा म्हटलं की हात काढा.’ गाडी माणूस धावतो तेवढ्या वेगाला आली की सीटवर जड बसा आणि त्याच क्षणी क्लच सोडा. इंजिन धडधडलं की लगेच क्लच पुन्हा दाबा आणि थोडा ॲक्सिलरेटर द्या. चाक घसरलं तर तिसऱ्या गियरमध्ये करून बघा.

इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या, गाडीत आधी कान द्या. चावी फिरवल्यावर टाकीतल्या पंपाचा ‘झूंऽऽ’ असा आवाज एक-दोन सेकंद आला, तर धक्क्याला अर्थ आहे. काहीच आवाज नसेल तर बॅटरीत पंप फिरवण्याइतकाही जोर नाही. माणसांना दमवू नका, जंप स्टार्ट मागा, म्हणजे दुसऱ्याच्या बॅटरीला वायरी जोडून गाडी सुरू करणं. गियर नसलेल्या ऑटोमॅटिक स्कूटरला धक्का लागू पडत नाही.

*जंप स्टार्ट.* मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची आणि तुमचीही १२ व्होल्टची असेल तरच. मोटारीचं इंजिन बंद ठेवायला सांगा, तिची नुसती बॅटरी पुरते. लाल वायर आधी तुमच्या अधिक टोकाला, मग तिचं दुसरं टोक मोटारीच्या अधिकला. काळी वायर मोटारीच्या उणेला आणि शेवटचं टोक तुमच्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. गाडी सुरू झाली की बरोबर उलट्या क्रमाने काढा.

*पेट्रोल.* अर्धा लिटर मागा. लिटरला चाळीस किलोमीटर देणारी गाडी तेवढ्यात वीस किलोमीटर जाईल. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायचं नाही, तुम्हीही नाही आणि मदत करणाऱ्यालाही करू देऊ नका. घोटभर पेट्रोल श्वासाबरोबर फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. समोरच्याची गाडी कार्बोरेटरची असेल तर कॉकखालची नळी काढून बाटलीत सहज घेता येतं. इंजेक्शनच्या गाडीची नळी उपसू नका, तिच्यात दाब असतो. देणाऱ्याच्या टाकीत डिझेल नाही ना, हे विचारून घ्या. ओतताना इंजिन निवलेलं असावं आणि जवळ कुणी विडी-सिगारेट पेटवलेली नसावी. टाकी कोरडी पडलेल्या इंजेक्शनच्या गाडीत सेल्फ मारण्याआधी दोन-तीन वेळा चावी चालू-बंद करा, म्हणजे पंप नळ्या भरून घेतो.

*पंक्चर.* ट्यूबलेस टायरमधला खिळा पट्टी हातात तयार असल्याशिवाय काढू नका. हवा हळूहळू जात असेल तर कुणाकडून पंप घेऊन हवा भरा आणि गॅरेजपर्यंत जा. ट्यूबच्या टायरवर बिनहवेचं बसून चालवलं की ट्यूब फाटते आणि गाडी वळताना आडवी होते. इंजिन चालू ठेवून पहिल्या गियरमध्ये, क्लचवर ताबा ठेवून गाडीशेजारून चालत जा. ढकलण्याच्या मानाने हे कितीतरी हलकं आहे.

*क्लचची केबल तुटली* तर गाडी मुळीच अडत नाही. न्यूट्रलमध्ये सुरू करा, पायांनी किंवा कुणाच्या धक्क्याने चालण्याइतका वेग घ्या आणि पहिला गियर टाका. पुढचे गियर ॲक्सिलरेटर क्षणभर सोडून टाकता येतात. थांबायच्या आधी न्यूट्रल. गर्दीत हे करू नका.

*टेम्पोत चढवणं.* हाच सगळ्यात भरवशाचा मार्ग आणि इथेच घाईत जास्त नुकसान होतं. फळी नसेल तर मातीच्या उंचवट्याला टेम्पोची मागची बाजू टेकवा, उचलायची उंची निम्मी होते. उचलायला चार माणसं: दोघं पुढच्या फोर्कच्या खालच्या भागाला, दोघं मागच्या कडीला आणि चॅसीला. सायलेन्सर गरम असतो, हे मोठ्याने सांगा. पुढचं चाक हौद्याच्या पुढच्या पत्र्याला भिडवा, गियर टाकून ठेवा, आणि हँडलजवळच्या भक्कम भागाला दोन्ही बाजूंनी दोर बांधून पुढे व खाली ओढा, पुढचे शॉकअप थोडे दबेपर्यंत. गाडी नुसती साइड स्टँडवर ठेवून निघू नका. आडवी टाकली तर पेट्रोल गळतं.

दोर बांधून दुसऱ्या गाडीमागे ओढत नेणं किंवा शेजारच्या बाईकस्वाराने पाय लावून ढकलत नेणं, हे दोन्ही नवख्यांनी टाळावं असं माझं स्पष्ट मत आहे. समोरच्याने अचानक ब्रेक लावला की सावरायला वेळच मिळत नाही.

आणखी एक. जाणकार माणूस थांबला की तो भराभर खोलायला लागतो. त्याचं मन न दुखवता एवढं करा: खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि निघालेले स्क्रू हेल्मेटमध्ये टाका.

६. जपून

गाडीची चावी स्वतःच्या खिशात राहू द्या. कुणाच्या वाहनातून जायचं ठरलं तर नंबरप्लेटचा फोटो काढून घरी पाठवा, तेही उघडपणे, ‘घरी कळवतो, काळजी करत असतील’ असं म्हणून. सरळ माणसाला यात काही वावगं वाटत नाही. मन घेत नसेल तर नको म्हणा. ‘भाऊ निघालाय, पोचतोच आहे’ एवढं कारण पुरे, आणखी खुलासा करायला तुम्ही बांधील नाही. एकट्या बाईने हे जास्तच निर्धास्तपणे करावं. कुटुंबासोबत जाणाऱ्या वाहनाला किंवा वस्तीच्या दारात जाऊन विचारणं बरं.

अंधार पडायला तासभर उरला असेल तर दुरुस्तीचा नाद सोडा आणि गाडी सुरक्षित ठेवण्याच्या मागे लागा. एखाद्या घराच्या किंवा दुकानाच्या आवारात विचारून लावा, हँडल लॉक करा, कागदपत्रं आणि सामान बरोबर घ्या, मालकाचा नंबर आणि जागेचा फोटो घ्या.

पैशांचं म्हणाल तर वापरलेल्या वस्तूचे, म्हणजे पेट्रोलचे किंवा ट्यूबचे, लगेच द्या. टेम्पोचं भाडं गाडी चढवण्याआधी ठरवा. श्रमाचे पैसे एकदा विचारा, नको म्हटलं तर आग्रह धरू नका.

७. चालू झाल्यावर

मदत करणाऱ्याला लगेच जाऊ देऊ नका. ‘एक मिनिट थांबता? थोडं चालवून बघतो’ म्हणा. शंभर मीटर जाऊन परत या, मगच त्याला निरोप द्या. बॅटरीमुळे बंद पडलेली गाडी आता गॅरेजपर्यंत बंद करायची नाही. नुसती आयडलवर उभी ठेवली तर चार्जिंग जेमतेम होतं, त्यामुळे चालत राहा, दिवसा हेडलाइट बंद करता येत असेल तर करा. वाटेत थांबावंच लागलं तर उतारावर तोंड करून थांबा. आणि ज्यांना ज्यांना ठिकाण पाठवलं होतं, ज्या मेकॅनिकला बोलावलं होतं, त्या सगळ्यांना निघण्यापूर्वी फोन करा, कारण त्यातला कुणीतरी एव्हाना तुमच्याकडे यायला निघालेला असतो.